चूल, धूर आणि स्थानिक स्वराज्य : कळंबा परिसराच्या संदर्भात घरगुती लाकूडजाळणावरील निर्बंधांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

कोल्हापूर शहरातून गारगोटीकडे जाणारा रस्ता शहराची हद्द ओलांडतो तेथे कळंबा लागते. संस्थानकाळापासून शहराला पाणी पुरविणारा तलाव आणि मध्यवर्ती कारागृह या दोन गोष्टींमुळे हे नाव जिल्ह्याबाहेर परिचित झाले. गेल्या काही दशकांत येथील शेतजमिनींवर वसाहती उभ्या राहिल्या. शहराच्या हद्दवाढीचा विषय जेव्हा जेव्हा निघाला, तेव्हा समाविष्ट करावयाच्या गावांत कळंब्याचे नाव बहुधा येत राहिले. कोल्हापूर नगरपालिका १८५४ मध्ये स्थापन झाली व १९७२ च्या डिसेंबरात तिची महानगरपालिका झाली. कळंबा मात्र ग्रामपंचायतीच्या कारभारातच वाढत गेले. अशा गावात एका घरी गॅसची शेगडी, शेजारी चूल आणि दोन्ही घरांच्या मागे आंघोळीच्या पाण्याचा बंब हे दृश्य अपरिचित नाही. सकाळी या बंबांचा व चुलींचा धूर गल्लीत उतरतो तेव्हा तो ग्रामपंचायतीचा की महानगरपालिकेचा हे कोणालाच सांगता येत नाही.

केंद्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेच्या मानकांची पूर्तता न करणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातील ज्या शहरांचा समावेश झाला त्यांत कोल्हापूरही आहे. वाहने, रस्त्यांवरील धूळ, कारखाने आणि उघड्यावरचा कचरा यांच्याबरोबर घरगुती जळणाचाही विचार अशा कार्यक्रमात ओघानेच येतो. त्यातून पुढचा प्रश्न उपस्थित होतो : घरात लाकूड जाळण्यावर स्थानिक संस्थेने निर्बंध घालावेत काय?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे कायद्यांच्या व जळणाच्या इतिहासातून पाहिले आहे. या प्रदेशात धुरावर कायदे झाले तेव्हा घरातील चूल त्यांच्या बाहेर ठेवण्यात आली. लाकडावर कायदे झाले तेव्हा मात्र त्यांचा भार चूल पेटविणाऱ्यांवरच पडला. या दुहेरी वारशाची दखल न घेता नवा निर्बंध घातल्यास तो धुरापेक्षा माणसांनाच अधिक लागेल, असे येथे प्रतिपादन केले आहे.

धुराचा कायदा आणि घराचा उंबरठा

मुंबई इलाख्यात धुरासंबंधीचा स्वतंत्र कायदा १९१२ साली झाला. मुंबई धूर-उपद्रव अधिनियम या नावाने तो ओळखला जातो. बंगालमध्ये १९०५ साली असाच कायदा झालेला होता. दोन्हींचा रोख गिरण्यांच्या धुराड्यांवर व वाफेच्या यंत्रांच्या भट्ट्यांवर होता. काळा धूर किती वेळ निघाला, भट्टी नीट बांधली आहे की नाही, निरीक्षकाने केव्हा पाहावे, अशा गोष्टी त्यांत येतात. खासगी घरात घरगुती कामासाठी पेटविलेला अग्नी आणि प्रेतदहनाचा अग्नी यांना भट्टीच्या व्याख्येतून वगळण्यात आले. राज्यकर्त्यांना घराच्या उंबरठ्याच्या आत जाण्याची इच्छा नव्हती, आणि १८५७ नंतरच्या धोरणाचा विचार करता ते स्वाभाविक होते. कोल्हापूर त्या वेळी संस्थान असल्याने इलाख्याचा कायदा येथे आपोआप लागू नव्हता. नगरपालिकांच्या कायद्यांनी लाकडांच्या वखारींना परवाने लावले, ते मुख्यतः आगीच्या भीतीने.

या सवलतीकडे उदारपणा म्हणून पाहण्याची पद्धत आहे. ती पूर्णतः चुकीची नाही. परंतु सवलतीचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा लागतो. गिरणीच्या धुराने रस्त्यावरच्या माणसाला त्रास होतो म्हणून त्यावर कायदा झाला. स्वयंपाकघरातील धुराने जिचे डोळे जातात ती स्त्री कायद्याच्या दृष्टीने 'सार्वजनिक' नव्हती. घराचे स्वातंत्र्य जपले गेले, पण चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीचा विचार त्यात नव्हता. भारतीय स्वयंपाकघरातील धुराचे शास्त्रीय मोजमापसुद्धा फार उशिरा सुरू झाले. कर्क स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढील स्त्रियांच्या श्वासात किती धूर जातो याचे जे मापन केले ते १९८३ साली प्रसिद्ध झाले. गिरणीचा धूर मोजण्याची व्यवस्था त्याआधी सुमारे सत्तर वर्षे अस्तित्वात होती.

स्वातंत्र्योत्तर काळातील मुख्य कायदा म्हणजे हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१. याच्या कलम १९ चा मजकूर या विषयाच्या अभ्यासकाने मुळातून पाहावा असा आहे. राज्य शासनाने प्रदूषण नियंत्रण मंडळाशी विचारविनिमय करून एखादे क्षेत्र 'हवा प्रदूषण नियंत्रण क्षेत्र' म्हणून घोषित करावे. त्या क्षेत्रात मान्यताप्राप्त नसलेल्या इंधनाचा वापर मनाई करता येतो. मान्यताप्राप्त नसलेले उपकरण वापरू नये असे सांगता येते. आणि इंधन नसलेली वस्तू जाळण्यासही बंदी घालता येते. म्हणजे लाकडावर बंदी घालण्याचा अधिकार कायद्यात आहे. मात्र तो राज्य शासनाला दिलेला आहे. ग्रामपंचायतीला नाही व महानगरपालिकेलाही नाही. स्थानिक संस्थेने निर्बंध घालावेत काय, या चर्चेत हा तपशील बहुधा राहून जातो.

लाकडावरचे निर्बंध

धुराच्या कायद्याने चूल सोडली, पण जंगलाच्या कायद्याने ती सोडली नाही. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव जंगलांची व्यवस्था पक्की केली. सरपण, चारा, पालापाचोळा यांवरचे गावाचे रूढ हक्क त्यामुळे सरकारी कृपेचे विषय झाले. महात्मा जोतीराव फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ग्रंथात जंगलखात्याच्या जाचावर कठोर टीका केली. १९३० च्या सविनय कायदेभंगात महाराष्ट्रात मिठाच्या बरोबरीने जंगल सत्याग्रह झाले, त्यामागे हीच पार्श्वभूमी होती. कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर आणि त्या वेळी सातारा जिल्ह्यात असलेले बिळाशी ही त्यांतील ठळक नावे. बिळाशी कोल्हापूर संस्थानच्या सीमेपासून दूर नव्हते.

या सत्याग्रहांकडे केवळ राष्ट्रीय चळवळीचा एक भाग म्हणून पाहिले जाते. जळण गोळा करण्याचे काम कोणाचे होते हे ध्यानात घेतले की त्यांचा घरगुती अर्थ उलगडतो. मोळी आणणे हे बाईचे व मुलांचे काम. त्यामुळे जंगलाच्या रखवालदाराशी गाठ पडे तीही त्यांचीच. लाकडावरच्या निर्बंधाची या भागातील जुनी आठवण अशी दंडाची व जप्तीची आहे. एखादी स्थानिक संस्था 'लाकूड जाळू नका' असे सांगू लागली तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा हीच आठवण जागी होईल. हवेची गुणवत्ता नंतर.

धुराडे

ज्यांनी जळणाचा प्रश्न निर्बंधाशिवाय सोडविण्याचा प्रयत्न केला त्यांचाही एक इतिहास महाराष्ट्रात आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामीण साधनांवर काम केले. 'मगन चूल' हे नाव तेथूनच आले. पुढे १९८० च्या दशकात केंद्राचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व २००२ पर्यंत चालला. अनुदानाने चुली बसविल्या गेल्या, आकडे वाढले. पण घरोघरच्या भांड्यांची मापे, भाकरीचा तवा, चुलीचा वैल, डागडुजी या गोष्टी आकड्यांत बसेनात. अनेक ठिकाणी चूल फुटली की पुन्हा जुनीच थापली गेली.

या चुलींचा गाभा म्हणजे धुराडे. धूर घराबाहेर नेणे हा बाईच्या दृष्टीने फार मोठा लाभ होता. पण वस्ती दाट असेल तेथे घराबाहेर गेलेला धूर शेजाऱ्याच्या खिडकीतून आत येतो. शेतात एकेकटे घर असताना जो प्रश्न आरोग्याचा होता तो गल्लीत आल्यावर नागरी प्रशासनाचा होतो. कळंब्यासारख्या गावांत हा बदल एका पिढीच्या आत घडला. परडे गेले, दोन घरांमधील अंतर गेले, आणि धुराला पूर्वी जी मोकळी जागा मिळत होती तीही गेली.

या धुराचे प्रमाण क्षुल्लक नाही. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील संशोधकांचा सहभाग असलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, २०१५ साली देशातील बाह्य हवेतील सूक्ष्म कणांचा सर्वांत मोठा एकेरी स्रोत घरगुती जैवजळण हाच होता. त्यामुळे होणाऱ्या मृत्यूंचा अंदाज सुमारे २ लाख ६८ हजार इतका होता. यात स्वयंपाकघराच्या आत घेतलेल्या धुराचा हिशेब नाही, तो वेगळाच. भारताने २००९ मध्ये सूक्ष्म कणांसाठी वार्षिक ४० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर हे मानक ठरविले. जागतिक आरोग्य संघटनेचे २०२१ चे मार्गदर्शक मूल्य ५ आहे. तेव्हा 'चुलीचा धूर तो काय' असे म्हणून हा प्रश्न बाजूला सारता येत नाही.

लंडनचा दाखला

घरगुती धुरावर निर्बंध घातल्याचे सर्वांत परिचित उदाहरण लंडनचे आहे. डिसेंबर १९५२ मधील जीवघेण्या धुक्यानंतर ब्रिटिश संसदेने १९५६ साली स्वच्छ हवा अधिनियम केला. स्थानिक संस्थांना 'धूर नियंत्रण क्षेत्र' जाहीर करण्याचा अधिकार मिळाला, आणि अशा क्षेत्रात घरच्या शेगडीतूनही धूर निघता कामा नये असे ठरले. येथवरचा भाग सर्वत्र सांगितला जातो. त्याच कायद्याने शेगडी बदलण्याच्या वाजवी खर्चाचा सात-दशांश वाटा घरमालकाला परत देण्याची तरतूद केली होती, ही बाब मात्र क्वचितच सांगितली जाते. त्यातील चार-दशांश भार मध्यवर्ती तिजोरीने उचलला व तीन-दशांश स्थानिक संस्थेने. निर्बंध घालणाऱ्या संस्थेला निर्बंधाची किंमत मोजावी लागत होती. त्यामुळे क्षेत्रे टप्प्याटप्प्याने जाहीर झाली, आणि ज्यांच्याकडे दुसरे इंधन पोहोचले नव्हते अशांवर कायदा एकदम कोसळला नाही.

महाराष्ट्रात अलीकडे घडलेली घटना याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये, स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत, लाकूड व कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या व तंदूर यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला. महानगरपालिकेने त्यानुसार नोटिसा काढल्या. पाववाल्यांनी खर्चाचा, जागेचा आणि पावाच्या चवीचा प्रश्न मांडला. हा निर्बंध व्यावसायिक भट्ट्यांवर होता, घरावर नव्हता. व्यावसायिकाला परवाना असतो, पत्ता असतो, नफ्यातून खर्च भागविण्याची काही शक्यता असते. तेथेही सहा महिने अपुरे वाटले. घरगुती चुलीला यांपैकी कशाचाच आधार नाही.

अकराव्या अनुसूचीतून बाराव्या अनुसूचीत

१९९२ च्या त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक संस्थांच्या विषयांच्या दोन याद्या घटनेत आणल्या. पंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत बारावा विषय 'जळण व चारा' हा आहे. सामाजिक वनीकरण व अपारंपरिक ऊर्जा हेही विषय तेथे आहेत. नगरपालिकांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत जळण हा शब्दच नाही. तेथे नागरी वनीकरण व पर्यावरणाचे संरक्षण आहे, दहनभूमी व विद्युतदाहिनी आहे.

हद्दीवरच्या गावाच्या दृष्टीने या फरकाचे परिणाम गंभीर आहेत. ग्रामपंचायतीच्या यादीत जळण हा पुरवठ्याचा विषय आहे : गावाला सरपण, शेणखत, गोबरगॅस मिळावा हे पंचायतीने पाहावे. तेच गाव शहरात गेले की जळण पुरविण्याचे कर्तव्य यादीतून नाहीसे होते आणि त्याच्या जागी पर्यावरण संरक्षण येते. म्हणजे जी संस्था जळण मिळवून देण्यास बांधलेली होती तिच्या जागी जळण थांबविण्याकडे कल असलेली संस्था येते. हद्दवाढीच्या वादात घरफाळा, पाणीपट्टी, शेतजमीन यांची चर्चा भरपूर होते. चुलीचे काय होणार याची चर्चा सहसा ऐकू येत नाही.

कळंब्यातील जळण

'लाकूड' हा एक शब्द वापरला तरी या भागातील जळण एकजिनसी नाही. करवीर तालुका उसाचा व गुळाचा. गुऱ्हाळघराच्या चुलवाणात चिपाडे जातात. शेतात पाचट जळते. घरात शेणी, काटक्या, चिपाडे, कधी सुतारकामाचे उरलेले तुकडे. पाचट हे केवळ जाळून टाकण्याजोगे नसते. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेला त्यापासून कोळशाच्या कांड्या करण्याच्या कामासाठी २००२ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला होता. कोल्हापूर परिसरात शेणीला आणखी एक मान आहे : होळी लहान करून शेणी पंचगंगा स्मशानभूमीस दान देण्याची प्रथा येथे रुजली आहे. एका सणाचा धूर कमी करण्याचे हे काम कोणत्याही दंडाशिवाय झाले, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये.

ज्याची जमीन आहे, जनावर आहे, त्याला जळण विकत घ्यावे लागत नाही. अशा घरी गॅस आला तरी चूल राहते. चहा व भाजी गॅसवर, भाकरी व आंघोळीचे पाणी चुलीवर. देशभराचे चित्रही याच वळणाचे आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील ४९ टक्के कुटुंबांचे मुख्य इंधन सरपण होते व २८.५ टक्क्यांचे गॅस. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर जोडण्या झपाट्याने वाढल्या, तथापि २०१९-२० मध्ये या योजनेतील कुटुंबाचा सरासरी वापर वर्षाला सुमारे तीन सिलिंडर इतकाच होता. सर्व स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या कुटुंबाला याच्या दुपटीहून अधिक लागतात. जोडणी दिली म्हणजे चूल विझली, हे गृहीत त्यामुळे टिकत नाही.

दुसऱ्या टोकाला ज्यांना जमीन नाही ते आहेत : भाडेकरू, बांधकामावरील मजूर, हंगामात जिल्ह्यात येणाऱ्या ऊसतोड टोळ्या. तीन दगडांची चूल ही त्यांची निवड नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वयंघोषणापत्राची सवलत देण्यात आली. पाच किलोचे सिलिंडरही उपलब्ध झाले. तरी पालावरच्या बाईला पहाटे भाकरी थापून फडावर जायचे असते, आणि त्या वेळी हाताशी असते ते वाढेच. या बाईला दंडाची पावती देणारा नियम कागदावर कितीही निर्दोष असला तरी तो १८७८ च्या वारशातला ठरेल. शिवाय, 'चुलीवरचे मटण' असा फलक लावून धुराचीच किंमत घेणाऱ्या हॉटेलाला तो नियम शेवटी लागू होईल, कारण तेथे जाणारा वर्ग तक्रार करीत नाही. यातील विसंगती वेगळी सांगण्याची गरज नाही.

निर्बंध कोठे आणि कोणत्या क्रमाने

वरील विवेचनावरून निर्बंधच नकोत असा अर्थ निघत नाही. चुलीला हात न लावण्याच्या जुन्या धोरणाची किंमत स्त्रियांनी मोजली आहे. त्याच धोरणाला आज दयाळूपणाचे नाव देणे योग्य नाही. निर्बंधाचे सर्व अग्नी मात्र एका तागडीत तोलता येणार नाहीत. ज्या अग्नीला पर्याय स्वस्त आहे व जो रोजच्या अन्नाशी जोडलेला नाही, तेथून प्रारंभ करणे युक्त ठरते. कळंब्यासारख्या ठिकाणी असा पहिला अग्नी म्हणजे आंघोळीचा बंब. स्वतःच्या घरात राहणाऱ्या व छप्पर असणाऱ्या कुटुंबाला सौर उष्णजलाची सोय करता येते; नव्या बांधकामाला परवानगी देताना तिची अट घालता येते, करात सवलत देता येते. प्लॅस्टिक, रबर व रंगविलेले लाकूड जाळण्याला कोणत्याही घरात समर्थन नाही. घनकचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांनी उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली होतीच. हॉटेलांच्या भट्ट्या यानंतर येतात.

स्वयंपाकाची चूल सर्वांत शेवटी येते, आणि तीही लंडनच्या पद्धतीने : ज्या गल्लीत निर्बंध घालायचा तेथे आधी प्रत्येक घरापर्यंत पर्याय पोहोचवून व त्याच्या खर्चाचा मोठा वाटा स्वतः उचलून. ज्यांच्याकडे जनावरे आहेत त्यांच्यासाठी गोबरगॅस हा पंचायतीच्या अधिकारातील पर्याय आहे. ज्यांच्याकडे तीही नाहीत त्यांच्यासाठी राज्याला सिलिंडरच्या पुनर्भरणाचा भार सोसावा लागेल, एकदाच दिलेल्या जोडणीचा नव्हे. कलम १९ खालील अधिकार राज्याकडे असल्याने हा भार राज्याने घ्यावा ही मागणी स्थानिक संस्थांनी करणे कायद्याला धरूनच आहे. हद्दवाढीचा निर्णय कोणताही होवो, तो होण्यापूर्वी ग्रामपंचायतीने गावातील चुली, बंब व भाडेकरूंची जळणाची साधने यांची नोंद करून ठेवली, तर नंतर येणाऱ्या संस्थेला अकराव्या अनुसूचीतील बाराव्या विषयाचा निदान हिशेब मिळेल. अशी नोंद करण्यासाठी ग्रामसभेच्या एका ठरावापलीकडे कोणत्याही नव्या कायद्याची आवश्यकता नाही.